रस्त्याच्या कामाचे कागद नगरपरिषदेकडून कसे मिळवायचे: अर्जापासून रस्त्यावरच्या मोजणीपर्यंत

‘प्रभाग ७ मधील रस्ता एका पावसाळ्यात का उखडला, याची माहिती मिळावी.’ लहान शहरांतल्या नगरपरिषदांकडे जाणाऱ्या माहिती अधिकार अर्जांत या धाटणीचं वाक्य हमखास सापडतं. त्यावर उत्तरही ठरलेलं येतं: ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.’ अर्जदार चिडतो आणि विषय तिथेच सुटतो. पण ते उत्तर बहुतेक वेळा कायद्याला धरून असतं. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ कार्यालयात असलेला कागद, नोंद किंवा नमुना मिळवून देतो. अधिकाऱ्याचं मत किंवा नव्याने लिहिलेला खुलासा त्यात बसत नाही. रस्ता का उखडला, हे त्या कागदांतून आपणच शोधायचं असतं, आणि योग्य कागद हातात आले तर ते सापडतं.

खालचा क्रम महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आहे. उदाहरण गल्लीतल्या सिमेंट काँक्रीट रस्त्याचं घेतलंय. गटार, पेव्हर ब्लॉक, सभामंडप, व्यायामशाळा अशा कामांनाही तोच क्रम लागू पडतो.

टप्पा १: अर्जाआधी रस्त्यावर जा

फायलीत तुमच्या रस्त्याचं नाव ‘आमच्या गल्लीतला रस्ता’ असं नसतं. ते ‘प्रभाग क्र. ७ मध्ये पाटील घर ते मारुती मंदिर सिमेंट काँक्रीट रस्ता करणे’ असं असतं. हे नाव जसंच्या तसं मिळालं, की अर्धं काम झालं. ते कामाच्या फलकावर असतं. फलक नसेल तर सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात, प्रशासकाच्या काळातलं काम असेल तर प्रशासकांच्या ठरावात किंवा महाटेंडर्स या शासकीय निविदांच्या संकेतस्थळावरच्या निविदेत पाहा. बांधकाम विभागाच्या लिपिकाला नीट विचारलं तर तोही बऱ्याचदा सांगतो.

रस्त्यावर उभं राहून हे टिपून ठेवा: काम कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं, कोणत्या महिन्यात झालं, आधी तिथे काय होतं (मुरूम, खडी की जुना काँक्रीटचा थर), आणि आज नेमकं काय बिघडलंय. फोटो काढताना एखादं घर, खांब किंवा दुकानाची पाटी चौकटीत येऊ द्या. नुसत्या खड्ड्याचा फोटो कुठल्याही गावचा असू शकतो.

तपासा: काम केलं कोणी? नगरोत्थान (शहरांसाठीची राज्याची योजना) किंवा वित्त आयोगाच्या निधीतलं काम साधारणपणे नगरपरिषद करते. आमदार निधीतल्या कामाची यंत्रणा मात्र सार्वजनिक बांधकाम विभागही असू शकते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबू नका. फलकावर ‘कार्यान्वयन यंत्रणा’ लिहिलेली असते, ती वाचा.

टप्पा २: फाइल कशी तयार होते ते समजून घ्या

हा टप्पा गाळल्यामुळेच अर्ज मोघम होतात. प्रत्येक काम ठराविक कागदांतून पुढे सरकतं आणि प्रत्येक कागद एका प्रश्नाचं उत्तर देतो.

अंदाजपत्रकात काय करायचं ठरलं होतं ते दिसतं: खोदाई किती, खडीचा थर किती, काँक्रीट कोणत्या प्रतीचं, जाडी किती. तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यतेवरून ते कोणी, कधी आणि किती रकमेला मंजूर केलं हे कळतं. कार्यादेश आणि करारनाम्यात ठेकेदार, मुदत, दंडाची अट आणि दोषदायित्व कालावधी असतो. दोषदायित्व कालावधी म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत. मोजमाप पुस्तिका, जिला सगळे ‘एमबी’ म्हणतात, प्रत्यक्ष किती काम झालं याची नोंद ठेवते. चाचणी अहवाल साहित्याचा दर्जा सांगतात आणि देयकं पैसे किती व कधी दिले ते सांगतात.

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची मोजमाप पुस्तिका. पैसे तिच्यावरून निघतात. तरीही बहुतेक अर्जांत तिचा उल्लेखच नसतो. लोक ‘खर्चाचा तपशील’ मागतात आणि एका ओळीत एक रक्कम मिळते. त्या रकमेवरून काहीच सिद्ध होत नाही.

टप्पा ३: अर्ज लिहा

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जाचा नमुना ‘जोडपत्र अ’ आहे. २०१२ च्या नियमदुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मागणी साधारण १५० शब्दांत बसावी. त्यामुळे रस्ता, पाणीपट्टी आणि घंटागाडी एका अर्जात कोंबू नका. तीन विषय असतील तर तीन अर्ज करा.

मजकूर असा असू द्या:

*विषय: प्रभाग क्र. ७, ‘पाटील घर ते मारुती मंदिर सिमेंट काँक्रीट रस्ता करणे’ या कामाची नस्ती.*
*कालावधी: १ एप्रिल २०२३ ते अर्जाचा दिनांक.*
*आवश्यक माहिती: वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती. (१) मंजूर अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मान्यतेसह. (२) कार्यादेश व करारनामा. (३) मोजमाप पुस्तिकेतील या कामाच्या नोंदींची सर्व पाने. (४) साहित्य व काँक्रीट चाचणीचे अहवाल. (५) अदा केलेली सर्व देयके. (६) काम पूर्णत्वाचा दाखला. प्रती देण्यापूर्वी संपूर्ण नस्तीचे अवलोकन करू द्यावे.*

यात ‘का’, ‘कसे’, ‘योग्य आहे काय’ असा एकही शब्द नाही. शेवटचं वाक्य गाळू नका. नस्ती म्हणजे फाइल आणि अवलोकन म्हणजे ती प्रत्यक्ष पाहणं. तो हक्क कलम २ मध्येच दिलेला आहे.

नेहमीच्या चुका:

– संस्थेच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करणं. हा अधिकार नागरिकाला आहे. अर्ज स्वतःच्या नावाने करा, पद लिहू नका.

– माहिती कशासाठी हवी याचं कारण देणं. कलम ६(२) प्रमाणे ते विचारताही येत नाही. अर्जात आरोप लिहिले तर समोरचा माणूस पहिल्या ओळीपासून सावध होतो.

– ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक, पॅन किंवा मोबाइल मागणं. वैयक्तिक माहिती न देण्याचा अपवाद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अधिक रुंद केला आहे. त्याचं निमित्त करून आख्खं देयक नाकारलं जाऊ शकतं. तसं झालं तर कलम १० चा आधार घ्या: द्यायची नाही तेवढी माहिती झाकून बाकीचा कागद द्यावाच लागतो.

– ‘गेल्या दहा वर्षांतील सर्व रस्ते’ मागणं. कार्यालयाची साधनसामग्री यात गुंतून पडेल असं उत्तर येतं आणि महिने वाया जातात. आधी एकच रस्ता घ्या.

टप्पा ४: अर्ज द्या आणि पोच घ्या

शुल्क १० रुपये. कोर्ट फी स्टॅम्प लावणं सर्वांत सोपं. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, मात्र दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज ‘जन माहिती अधिकारी, नगरपरिषद’ यांच्या नावे करा. नाव आणि पद कार्यालयातल्या फलकावर असायला हवं. लहान नगरपरिषदांत कार्यालय अधीक्षक किंवा विभागप्रमुख जन माहिती अधिकारी असतात आणि प्रथम अपिलाचे अधिकार साधारणपणे मुख्याधिकाऱ्यांकडे असतात. दोघांचीही नावं त्याच दिवशी लिहून आणा, अपिलाच्या वेळी शोधाशोध होत नाही.

आवक-जावक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘साहेब आल्यावर नंबर टाकतो’ असं म्हणाले तर थांबा किंवा अर्ज स्पीड पोस्टने पाठवून पोचपावती जपा. माहिती अधिकाराच्या ऑनलाइन पोर्टलच्या यादीत तुमची नगरपरिषद असेल तर तोही मार्ग आहे.

खबरदारी: आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. पुढची प्रत्येक मुदत त्या शिक्क्यावरून मोजली जाते.

टप्पा ५: दिवस मोजा

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर यायला हवं. मध्येच एक पत्र येईल: ‘८४ पानांचे १६८ रुपये भरावेत.’ साध्या पानाला २ रुपये हा दर आहे. पत्रात पानांची संख्या आणि हिशेब दिलेला असायला हवा. हे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या ३० दिवसांत धरले जात नाहीत. म्हणून पत्र हातात पडलं की शक्य तितक्या लवकर पैसे भरा आणि पावती घ्या. बरेच जण इथे रेंगाळतात आणि नंतर ‘मुदत उलटली’ म्हणून अपील करतात. ते टिकत नाही.

३० दिवस उलटून गेल्यावर दिलेली माहिती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य असते. उशिरा आलेल्या पत्रात पैसे मागितले असतील तर या कलमाचा उल्लेख करून लेखी उत्तर द्या.

टप्पा ६: आधी फाइल पाहा, मग प्रती घ्या

अवलोकनाचा पहिला तास विनाशुल्क, त्यानंतर दर १५ मिनिटांना ५ रुपये. जाताना वही, मोजपट्टी आणि बांधकामातलं थोडंफार कळणारा एखादा माणूस बरोबर न्या. गवंडीकाम केलेला शेजारी असला तरी चालेल. उलट तो पदवीधरापेक्षा जास्त नेमकं पाहतो.

नस्तीचे दोन भाग असतात: टिपणी आणि पत्रव्यवहार. टिपणी भागात कोणी कोणत्या तारखेला काय शेरा मारला ते दिसतं, म्हणून ती आधी वाचा. पानांना क्रमांक दिलेत का, मध्येच एखादा क्रमांक गायब आहे का ते पाहा. हव्या त्या पानांचे क्रमांक वहीत लिहा आणि तेवढ्याच प्रती मागा. शेवटी ‘आज नस्ती क्र. … ची एकूण … पाने पाहिली’ असं लिहून तिथल्या कर्मचाऱ्याची सही घ्या. पुढे एखादा कागद ‘सापडत नाही’ झाला, तर ही सही कामी येते.

टप्पा ७: मोजमाप पुस्तिका वाचा आणि रस्ता मोजा

इथे घाई करू नका. पुस्तिकेत प्रत्येक बाबीची ओळ असते: लांबी, रुंदी, जाडी आणि गुणाकार. काँक्रीटची ओळ समजा अशी आहे:

१२०.०० × ३.५० × ०.१५ = ६३.०० घनमीटर

आता टेप घेऊन रस्त्यावर जा. लांबी एकदा मोजली तरी पुरते. रुंदी मात्र एका ठिकाणी मोजून भागत नाही, कारण गल्लीतला रस्ता घरांच्या ओट्यांप्रमाणे आत-बाहेर होत जातो. दर २० मीटरवर रुंदी मोजा आणि सरासरी काढा. जाडी कडेला दिसते, जिथे गटाराच्या बाजूने काँक्रीटची धार उघडी असते किंवा नळजोडणीसाठी रस्ता आधीच कापलेला असतो. समजा लांबी ११८ मीटर, सरासरी रुंदी ३.२० आणि जाडी ०.१२ मीटर निघाली. गुणाकार होतो ४५.३१ घनमीटर. म्हणजे ६३ घनमीटरचे पैसे निघाले आणि रस्त्यावर जवळपास १७.७ घनमीटर काँक्रीट कमी आहे. अंदाजपत्रकातल्या दराने याला गुणलं की रुपयांतला आकडा मिळतो. ‘निकृष्ट काम’ या शब्दांना कोणी बांधील नसतं. या गुणाकाराला उत्तर द्यावंच लागतं.

खबरदारी: जाडी पाहायला स्वतः रस्ता फोडू नका. ते सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान ठरेल आणि ठेकेदाराला आयतं कारण मिळेल. कडेच्या जाडीवरून आतली जाडी ठामपणे सांगताही येत नाही, म्हणून अर्जात ‘कडेला इतकी जाडी आढळली, संयुक्त मोजणी व कोअर कटिंग करावे’ असंच लिहा. कोअर कटिंग म्हणजे यंत्राने काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून तपासणं. साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याची तरतूद कायद्यात आहे.

मोजमापाबरोबर या नोंदीही ताडून पाहा:

खोदाईची ओळ. जुना थर काढून नवा घालायचा म्हणून खोदाईचे पैसे लावलेले असतात आणि प्रत्यक्षात जुन्यावरच नवा थर ओतलेला असतो. घरांचे उंबरे रस्त्यापेक्षा खाली गेले असतील तर शंका घ्यायला जागा आहे. त्या गल्लीत राहणाऱ्यांना विचारा. कामाच्या वेळचा एखाद्याच्या मोबाइलमधला फोटो इथे सर्वांत मोठा पुरावा ठरतो.

तारखा. मोजमाप घेतल्याची तारीख देयकाच्या आधीची हवी. खाली कनिष्ठ अभियंत्याची सही आणि वरिष्ठांच्या तपासणीची नोंद हवी. खाडाखोड असेल तर तिच्यावर सही आहे का ते पाहा.

चाचणी अहवाल. काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे भरून ते साधारण ७ आणि २८ दिवसांनी दाबून तपासतात. एम-२० काँक्रीट असेल तर २८ दिवसांची ताकद २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर अपेक्षित असते. अहवालावर ठोकळा भरल्याची तारीख, तपासल्याची तारीख आणि कामाचं नाव असतं. भरल्याची तारीख कार्यादेशाच्या आधीची असेल, २८ दिवसांच्या म्हटलेल्या अहवालात दोन तारखांत तेवढं अंतर नसेल किंवा कामाचं नाव भलत्याच रस्त्याचं असेल, तर तो अहवाल या रस्त्याचा पुरावा होऊ शकत नाही. ही तपासणी घरी बसून होते, तिला अभियंता लागत नाही. तरीही ती क्वचितच कोणी करतं.

मोजणी करताना तीन-चार शेजारी बरोबर असू द्या. आकडे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या आणि तारीख घ्या. आकडे जुळले तर तेही मान्य करा. मग बिघाडाचं कारण पाण्याचा निचरा किंवा जड वाहनं असू शकतं आणि मागणी त्याप्रमाणे बदलावी लागते.

टप्पा ८: उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर अपील

मुदत संपल्यापासून किंवा असमाधानकारक उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करायचं. नमुना ‘जोडपत्र ब’, शुल्क २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. निर्णय ३० दिवसांत आणि कारणं नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा.

अपिलात नवी माहिती मागू नका. मूळ अर्जातला मुद्दा क्रमांक लिहा आणि त्यापुढे काय मिळालं, काय मिळालं नाही ते एका ओळीत लिहा: ‘मुद्दा ३: मोजमाप पुस्तिकेची पाने दिलेली नाहीत. नकाराचे कलमही नमूद केलेले नाही.’ अर्जाची पोच, आलेलं उत्तर आणि पैसे भरल्याची पावती जोडा. सुनावणीला जरूर जा. आवाज चढवू नका. ‘नस्ती आत्ता मागवून पाने दाखवावीत’ एवढीच विनंती करा. बऱ्याच वेळा कागद तिथेच निघतात.

तिथेही काही मिळालं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे दुसरं अपील, ‘जोडपत्र क’, शुल्क पुन्हा २० रुपये. माहिती विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड आयोग लावू शकतो. आयोगाकडे प्रकरणं साचलेली आहेत आणि तारखेला बराच वेळ लागतो. म्हणून प्रथम अपील मन लावून लिहा, खरी संधी तिथे असते.

खबरदारी: एकट्याने लढू नका. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची जानेवारी २०१० मध्ये हत्या झाली. तेही असंच एक लहान शहर. गल्लीतल्या रस्त्याचं प्रकरण त्या थराला जाईल असं नाही, पण एकाच कामाचे कागद दोन-तीन जणांनी वेगवेगळे मागवले आणि प्रती अनेकांकडे राहिल्या, तर एका माणसावर दबाव आणून काही साधत नाही. धमकी आली तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या.

टप्पा ९: कागद हातात आल्यावर

सगळ्यात आधी करारनाम्यातला दोषदायित्व कालावधी आणि पूर्णत्वाच्या दाखल्याची तारीख पाहा. कालावधी शिल्लक असेल तर पहिलं पत्र मुख्याधिकाऱ्यांना: दोष अमुक ठिकाणी, अमुक लांबीत आहे, करारनाम्याच्या अमुक अटीप्रमाणे ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यावी आणि तोवर सुरक्षा अनामत परत करू नये. अनामत एकदा परत गेली की ठेकेदार फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र अपिलाच्या निकालाची वाट पाहत थांबवू नका. रस्ता लवकर दुरुस्त होण्याचा हाच मार्ग आहे आणि त्यात कोणावर आरोप करावा लागत नाही.

मोजमापातच तफावत असेल तर दुसरं पत्र वेगळं लिहा. त्यात तीनच स्तंभांचा तक्ता द्या: पुस्तिकेतील मोजमाप, प्रत्यक्ष मोजमाप, फरक. मागणी एकच ठेवा, तक्रारदारांच्या उपस्थितीत संयुक्त मोजणी. प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेला आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा कार्यालयाला द्या. नगरपरिषदेच्या हिशेबांची तपासणी तेच करतात आणि त्यांना पान क्रमांकासह दिलेला मुद्दा उपयोगी पडतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक या पत्रावर लिहा.

संयुक्त मोजणीची तारीख ठरली तर त्या दिवशी आपली स्वतःची टेप घेऊन जा, आकडे जागेवरच पंचनाम्यात लिहून घ्या आणि कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका. मोजणी टळली तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या, आणि त्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली याच्या टिपणीची प्रत नव्या माहिती अधिकार अर्जाने मागा.